अप्पांच्या किडनीसाठी ५४ हजारांची पावडर घ्यावी का?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंनी लिहिलं आहे. वडील ६४ वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते, आता घरीच असतात. शुगर बरीच वर्षं आहे. पायांवर सूज दिसली म्हणून तपासण्या केल्या. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.७, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४४, लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बरंच जातंय आणि रक्तातलं अल्ब्युमिन ३.२, म्हणजे कमी. फॅमिली डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, सुजेसाठी लघवीची गोळी दिली आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. ते अजून राहिलंय. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली एक गोळी अप्पा रोज घेतात.

पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाकडे एक व्हिडिओ आला: जपानी शास्त्रज्ञांना रक्तात एक प्रथिन सापडलंय, ते किडनी साफ करून पुन्हा चालू करतं. त्याच्या ओळखीतला एक जण "तेच प्रथिन वाढवणारी" पावडर देतो. सहा महिन्यांचा कोर्स, ५४ हजार रुपये. निम्मे भावाचे, निम्मे ताईंचे. त्यासाठी भिशी उचलावी लागेल. शेजारच्या काकू म्हणतात, किडनीवाल्याला प्रोटीन विष, डाळ-अंडी बंद करा. तसं केल्यापासून अप्पा वाळत चाललेत. एका नातेवाइकाचा आग्रह आहे की भरती करून अल्ब्युमिनची बाटली लावा. अप्पांना रिपोर्टबद्दल काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात, "मी पैसे दिले नाहीत आणि उद्या डायलिसिस लागलं, तर मी नाही म्हटलं म्हणून झालं असंच आयुष्यभर वाटत राहील. काय करू?"

उत्तर:

ताई,

पावडर घेऊ नका आणि त्यासाठी भिशी उचलू नका. हे आधी सांगून टाकते, कारण भावाचा फोन आज-उद्या पुन्हा येणार. आता का घेऊ नका ते नीट सांगते, म्हणजे त्याच्याशी भांडण न होता बोलता येईल.

भाऊ खोटं बोलत नाहीये. ते प्रथिन खरंच आहे, त्याला एआयएम म्हणतात. तोरू मियाझाकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्याच्यावरचं पहिलं काम प्रसिद्ध केलं. किडनीशी त्याचा संबंध लावणारा त्यांच्या गटाचा अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. एरवी हे प्रथिन आपल्या रक्तात आयजीएम नावाच्या भल्यामोठ्या प्रतिपिंडाला चिकटून फिरतं, त्यामुळे ते किडनीतून गाळलं जाऊन लघवीत उतरत नाही. किडनीला अचानक मोठी इजा झाली, की तिच्यातल्या बारीक नलिकांमध्ये मेलेल्या पेशींचा गाळ साचतो. अशा वेळी एआयएम आयजीएमपासून सुटतं, नलिकांमध्ये उतरतं आणि त्या गाळाला जाऊन चिकटतं. मग नलिकेच्या जिवंत पेशींना तो गाळ ओळखता येतो आणि त्या तो गिळून संपवतात. ज्या उंदरांच्या शरीरात हे प्रथिनच नव्हतं, त्यांच्या नलिका तुंबलेल्या राहिल्या. बाहेरून टोचल्यावर त्यांची किडनी सुधारली. मांजरांमध्ये तर आणखी विचित्र प्रकार आहे. त्यांचं एआयएम आयजीएमला इतकं घट्ट धरून बसतं की वेळेला सुटतच नाही, आणि मांजरं म्हातारपणी किडनीच्या आजाराने मोठ्या संख्येने जातात त्यामागे हे एक कारण असावं असं या गटाचं म्हणणं आहे. २०२१ मध्ये जपानमधल्या मांजर पाळणाऱ्यांनी या संशोधनासाठी जवळपास ३० कोटी येन देणग्या दिल्या. मला हे सगळं वाचताना आनंद झाला होता. किडनीच्या आजारात आपल्याकडे आशेच्या बातम्या कमीच येतात.

पण ताई, अप्पांच्या बाबतीत या बातमीचा उपयोग किती? उंदरांवरचा तो प्रयोग अचानक झालेल्या इजेचा होता. किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पुन्हा सुरू केला होता. अप्पांच्या किडनीचं नुकसान शुगर आणि बीपीने वर्षानुवर्षं, हळूहळू केलेलं दिसतंय. या दोन आजारांची चाल वेगळी आहे. दुसरं म्हणजे, हे प्रथिन सगळीकडे भलंच करतं असंही नाही. मियाझाकींच्याच गटाने २००५ मध्ये दाखवलं होतं की रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचतात तिथल्या पेशींनाही ते जगवतं आणि त्यामुळे उंदरांमध्ये तो आजार वाढतो. ज्याला शुगर आणि बीपी दोन्ही आहे त्याच्या हृदयाचाही विचार करावा लागतो. शरीरातलं एखादं प्रथिन चांगलं काम करतं म्हणून ते वाटेल तसं वाढवून चालत नाही. म्हणून तर माणसांवर चाचण्या घ्याव्या लागतात, आणि त्या पार पडून माणसांसाठी बाजारात आलेलं एआयएमचं कुठलंही औषध आज नाही. पुण्यात नाही, सोलापुरात नाही, टोकियोतही नाही.

शिवाय ती पावडर तोंडाने घ्यायची आहे. पोटात गेलेलं कुठलंही प्रथिन पचून त्याचे बारीक तुकडे होतात. तुमच्या भागात हे कळायला वेळ लागणार नाही: टॉवेल उसवून त्याचं सूत केलं, की त्या सुतात टॉवेलवरची नक्षी उरत नाही. पावडरमध्ये ते प्रथिन असलं तरी पोटात गेल्यावर त्याचं सूतच होणार. ती "प्रथिन वाढवते" असा दावा असेल, तर भावाने त्या माणसाला एवढंच विचारावं: घटकांची नावं लिहून दे, आणि हे औषध आहे की अन्न ते सांग. डब्यावर फक्त एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असेल तर कायद्याने ते अन्न आहे, किडनी सुधारते असं सांगून विकता येत नाही. औषधाची चाचणी चालू आहे असं तो म्हणाला, तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत सापडली पाहिजे. आणि चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून ५४ हजार घेत नाहीत.

अल्ब्युमिनच्या बाटलीचं वेगळं आहे. ते खरं औषध आहे, दात्यांच्या रक्तापासून बनवलेलं, महागडं आणि योग्य जागी जीव वाचवणारं. लिव्हर सिरॉसिस झालेल्या माणसाच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर किडनीही बसते. १९९९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अशा १२६ रुग्णांपैकी निम्म्यांना अँटिबायोटिकसोबत अल्ब्युमिन दिलं. त्यांच्यात किडनी बिघडण्याचं प्रमाण १० टक्के होतं, नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्यांत ३३ टक्के. रक्तातलं प्रथिन किडनीचं रक्षण करतं याचं माणसांमधलं इतकं ठळक उदाहरण दुसरं पटकन आठवत नाही. पण म्हणून ज्याचं अल्ब्युमिन कमी त्याला बाटली, असं होत नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांत जवळपास सात हजार रुग्णांना अल्ब्युमिन किंवा साधं सलाइन देऊन पाहिलं, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. अप्पांचं अल्ब्युमिन लघवीवाटे जातंय. वरून भरलं तर त्यातलं बरंचसं त्याच वाटेने निघून जाईल. गळती कमी करणं हा इलाज आहे, आणि गळती कमी करणारी औषधं आज मिळतात. नात्यातल्या माणसाला दुखवायचं नसेल तर म्हणा, "किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं तर लगेच लावू."

आता काकूंचं पथ्य. माझ्या मते तुमच्या घरात सध्या सर्वांत जास्त नुकसान जर कशाने होत असेल, तर त्यात हे दुसऱ्या नंबरवर आहे. लघवीत प्रोटीन दिसलं की ताटातलं प्रोटीन बंद करायचं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती प्रेमापोटीच पाळली जाते. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिन लागतं. अप्पांचं वजन ५५-६० किलो धरलं तर रोजचे ४४-४८ ग्रॅम झाले. दोन-तीन भाकऱ्या, दोन वेळची घट्ट डाळ किंवा उसळ, एखादं अंडं, वाटीभर दही एवढ्यात ते बसतं. म्हणजे साधं घरचं जेवण. जास्तीचं नको, प्रोटीन पावडर नको, रोज मटण नको. पण पातळ आमटीवर माणूस ठेवला तर त्याचे स्नायू झडतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन वर यायला आधार राहत नाही. आजपासून डाळ पुन्हा घट्ट करा. पोटॅशियम, फॉस्फरस यांचं पथ्य लागेल की नाही ते रक्त तपासूनच कळतं; तोवर फळं-भाज्या आपल्या मनाने बंद करू नका. मीठ मात्र खरंच कमी करायचंय. शेंगाची चटणी, लोणचं, पापड, सांडगे. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरीसोबत चटणी खाऊ नको म्हणणं जिवावर येतं, मला माहीत आहे. चटणी घरीच कुटा, मीठ निम्म्यावर आणा, तिखट-लसूण ठेवा. आणि एक: दुकानात मिळणारं 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमी चालत असेल तर ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साचू शकतं.

पहिल्या नंबरवर काय, ते तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलंय. गुडघ्याची गोळी.

ती कुठली आहे ते पाकिटावर बघा. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांपैकी नाव असेल, किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने यातलं एखादं असेल (बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात आणि दुसरं नाव बारीक अक्षरात असतं), तर ती गोळी आजच थांबवून डॉक्टरांना फोन करा. या गोळ्या दुखणं कमी करतात त्याच रस्त्याने किडनीत जाणारं रक्त कमी करतात. तरुण, धडधाकट माणसाला दोन दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. अप्पांची किडनी आधीच निम्म्याखाली चालतेय. त्यात नव्या बीपीच्या गोळीचं नाव टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल असेल तर सुजेची लघवीची गोळी आणि वरून गुडघ्याची, अशा तिन्ही एकत्र होतात. या तिघी मिळून किडनी अचानक बसवू शकतात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या चुकीच्या नाहीत, त्या मनाने बंद करायच्या नाहीत. फक्त तिसरी चालू आहे हे त्यांना बहुधा माहीतच नाही. मेडिकलमधून आणलेली गोळी कुणी औषधात मोजतच नाही. 'काय काय घेता?' या प्रश्नाला माझ्यासमोर बसलेला पेशंट सगळ्या पट्ट्या काढून दाखवतो, आणि दुखण्याची गोळी शर्टाच्या वरच्या खिशात तशीच राहते.

गुडघे दुखतात हे खोटं नाही. मागासमोर उभं राहून काढलेल्या वर्षांचे ते गुडघे आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत नुसतं पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी, आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम: खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, खाली, मग दुसरा. फिजिओथेरपिस्टकडून दोन-चार वेळा शिकून घ्या, पुढचं घरी होतं. ज्या भिशीवर तुमची नजर आहे तिच्यातला अगदी लहानसा हिस्सा इथे लागेल.

किडनीच्या डॉक्टरांकडे जायला आणखी लांबवू नका. सिव्हिलला केस पेपर काढून दाखवा किंवा खासगीत, जे जमेल ते. जाताना सगळे जुने रिपोर्ट, सगळ्या पट्ट्या, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेलं बीपी वहीत लिहून न्या. तिथे तीन गोष्टी आठवणीने विचारा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर किती आहे. गळती वाढते की कमी होते हे त्याच आकड्यावरून समजतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर तिची मात्रा पुरेशी आहे का आणि दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासायचं का. ही गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, म्हणून तो आकडा बघून घाबरून गोळी बंद करू नका. आणि डॅपाग्लिफ्लोझिन (मुळात शुगरची गोळी) गटातलं औषध अप्पांना चालेल का. २०२० मध्ये या औषधाचा किडनीच्या चार हजारांहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला. किडनी झपाट्याने उतरणं, डायलिसिसपर्यंत जाणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी घटलं, तेही टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आधीच चालू असताना. भाऊ जे जपानमध्ये शोधतोय त्याच्या कितीतरी जवळचं असं हे आहे आणि चौकातल्या मेडिकलमध्ये मिळतं. भारतात त्याचं पेटंट २०२० मध्ये संपलं, त्यामुळे किंमत उतरली. जनऔषधी केंद्रातही विचारा. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ईजीएफआर ४५ च्या खाली आल्यावर त्याची मात्राही पुन्हा बघावी लागते. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. शुगर किडनीपर्यंत पोचते तेव्हा ती बऱ्याचदा डोळ्यांपर्यंतही पोचलेली असते.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. मी नाही म्हटलं म्हणून झालं, असं वाटत राहील, हे तुम्ही लिहिलंत. ताई, तुम्ही असं धरून चाललाय की पावडर घेणं म्हणजे अप्पांसाठी काहीतरी करणं, आणि न घेणं म्हणजे त्यांना सोडून देणं. पण तपासण्यांसाठी दवाखान्यात कुणी नेलं? सूज कुणी पाहिली? पुढे डायलिसिस लागेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. सगळं नीट करूनही काही जणांना लागतं, आणि लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च बसतो. ते तुमच्या एका नकारावर अवलंबून नाही. भावाचंही समजून घ्या. तो लांब आहे, त्याला रोजची सूज दिसत नाही, पैसे पाठवणं एवढंच त्याच्या हातात आहे असं त्याला वाटतंय. त्याला दुसरं काम द्या. घरी बीपीचं मशीन पाठव म्हणा, दर तीन महिन्यांच्या तपासण्यांचा खर्च तू उचल म्हणा, आणि किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली की त्या दिवशी रजा काढून ये म्हणा. डॉक्टरांसमोर बसून त्याने स्वतः त्या प्रथिनाबद्दल विचारावं. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते त्याला पटेल.

आणि अप्पांना सांगा. किडनी त्यांची आहे, गोळी तेच आणतात, चटणी तेच मागतात. त्यांना न सांगता यातलं काहीही कसं पाळलं जाणार? मागात कुठे काय बिघडलंय हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस रिपोर्टचा एक आकडा ऐकून कोसळणार नाही. "अप्पा, किडनी थोडी कमी चालतेय, ती आहे तिथे टिकवायची आहे, त्यासाठी ही गुडघ्याची गोळी सोडावी लागेल," एवढं साधं बोलायचं. घाबरले तर घाबरू द्या, जवळ बसा.

किडनीच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं तुटलं, लघवी एकदम कमी झाली, झोपल्यावर धाप लागली किंवा सूज मांड्यांपर्यंत चढली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्या-जुलाबांच्या दिवशी बीपीची, लघवीची आणि शुगरची कुठली गोळी काही दिवस थांबवायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारून, पट्ट्यांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवून ठेवा. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा. सूज असलेल्या माणसाला 'भरपूर पाणी पी' हा सल्ला लागू होत नाही.